सोमवारी मालनला सुतक नाही

मी, अंजनाबाई, कैलासवासी धाकू तांडेल यांची विधवा, राहणार खारदांडा कोळीवाडा, धंदा मासळी विकण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करीत आहे. पोट आतून सडलंय, डोकं सडलेलं नाही. इस्पितळातून 'घरी न्या' म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ मला कळतो. मी बोलते आहे आणि शेजारचा सहदेव लिहितो आहे. तो कचेरीत कारकून आहे, म्हणून मधूनच 'सदरहू' घालतो. घालू दे. पण माझं एकही वाक्य गाळायचं नाही, अशी त्याला देवीची शपथ घातली आहे.

कलम पहिलं. सदरहू राहतं घर आणि होडीतला माझा हिस्सा माझा मुलगा रामनाथ याला मिळावा. त्याला एक अट आहे, ती शेवटी येईल. रामनाथ, एवढं ऐकून उठून जाऊ नकोस, बस खाली.

कलम दुसरं. माझ्या पाटल्या आणि नथ माझी नात मालन, म्हणजे रामनाथची मुलगी, हिच्या. लग्नासाठी नाहीत. तिला धडे वाचून दाखवायला माणूस ठेवावा लागेल, त्यासाठी मोडाव्यात.

का, ते लिही सहदेव. मालन चौथीत तिसऱ्यांदा बसली आहे. पुस्तक उघडलं की पोरीला घाम फुटतो. बोट ठेवून वाचते, तरी ओळ निसटते. बाकीची पोरं हसतात, मग ती पोट दुखतंय म्हणून घरी येते. पण वर्गात सांगितलेलं एकदा कानावर पडलं, की रात्री माझे पाय चेपता चेपता सगळं सांगते. गडकिल्ले, नद्या, कुठल्या देशात काय पिकतं, सगळं. आता मला सांगा, ही ढ कशी?

शाळेत तपासणीला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी मालनशी पुष्कळ वेळ बोलून मला बोलावलं. म्हणाल्या, "आजी, हिच्या बुद्धीत काही खोट नाही. अक्षरं ओळखण्यातच अडचण आहे. याला डिस्लेक्सिया म्हणतात. मारून हे जायचं नाही. हिला ऐकवून शिकवा, तोंडी विचारा." त्या बाईंची बदली झाली. तो शब्द मी पाठ करून ठेवला आणि हेडमास्तर काशीराम गुरुजींना जाऊन सांगितला. ते म्हणाले, "अहो, म्युनिसिपालटीच्या शाळेत याची काही सोय नाही. आमच्याकडे पास आणि नापास, दोनच रकाने." माणूस वाईट नाही. पण रकान्याच्या बाहेर बघायची भीती वाटते त्याला.

कलम तिसरं. मालनच्या वर्गाच्या बाईंनी हट्टाने तिला चष्मा लावायला लावला. डोळे ठणठणीत, तरी चष्मा. वर "आता तरी दिसतंय का गं, म्हशी?" म्हणून पट्टी मारली. तो चष्मा फळीवर आहे. माझ्यामागे तो सदरहू बाईंना नेऊन द्यावा. त्यांना गरज आहे.

कमळ नावाची माझी जाऊ मालनला येडी म्हणते. तिला माझ्याकडून काही नाही. बाराव्याचं जेवणसुद्धा नाही. हे कितवं कलम झालं? असू दे, पुढचं लिही.

अंधेरीच्या बाजारातली माझी बसायची जागा, कोयता आणि पाट्या सून द्रौपदीला, म्हणजे मालनच्या आईला. सगळे धरून चाललेत की ती जागा मालनची. वाचता येत नाही ना, मग बसव बाजारात, संपलं. नाही. द्रौपदी, तू तिला तिथे बसवायचं नाहीस. त्या जागेने मला पोसलं, तिला मी नावं ठेवत नाही. मालनला स्वतःला वाटलं तर तिने खुशाल बसावं. शाळेने हाकललं म्हणून बसायचं नाही.

आता नारळाचं. गेल्या नारळी पुनवेला रामनाथने काय करावं? भगताने सांगितलं, पोरीला बाहेरची बाधा आहे, जे नडतंय ते दर्याला दे. याने सोनेरी कागद लावलेल्या नारळाबरोबर मालनचं वाचनाचं पुस्तकही दर्यात सोडलं. पोरीसाठीच केलं बिचाऱ्याने, कमरेइतक्या पाण्यात हात जोडून रडत उभा होता, मी पाहिलंय. पण दर्या काय वाचणार? पुस्तक शाळेचं होतं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "पुस्तक समुद्रात फेकणाऱ्यांच्या पोरीला शाळा कशाला?" तेव्हापासून मालन वर्गाच्या दाराबाहेर बसते. नाव अजून पटावर आहे, एवढंच.

तेही जाणार होतं. मी बोंबलांची पाटी घेऊन काशीराम गुरुजींच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, नाव काढणार नाही म्हणा, तोवर मी उठत नाही. दुपारपर्यंत वासाने सगळे बेजार. शेवटी गुरुजी म्हणाले, "सोमवारी वरचे साहेब येतायत. त्यांच्यासमोर हिची तोंडी परीक्षा घेतो. जमलं तर पाचवीत घालू. नाही जमलं, किंवा आलीच नाही, तर माझ्या हातात काही नाही." त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

आज शुक्रवार आहे. सोमवार मला दिसेल असं वाटत नाही. देवी, तीन दिवस दे गं, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पण तू नाही दिलेस तर काय? मी रविवारी रात्री गेले तर? घरात मढं, बायकांची रडारड, भावकी म्हणणार सुतक आहे, पोरीला घराबाहेर काढू नका. आणि तिकडे साहेब येऊन निघून जाणार. या विचाराने मला झोप नाही. मरायची भीती नाही वाटत, मरायच्या वेळेची वाटते.

म्हणून ही अट. मी केव्हाही मेले तरी सोमवारी मालनला सुतक नाही. घरात चूल पेटणार नाही, तर शेजारच्या जानकीने तिला पेज पाजावी, वेणी घालावी. रामनाथ, बापाने स्वतः हात धरून तिला शाळेत न्यायचं. ती रडली तर रडू दे, पण ने. साहेबांनी नाही म्हटलं तर दुसरी शाळा बघ, तिथे नाही तर तिसरी. हे केलंस तर घर तुझं. नाही केलंस तर घर आणि होडी द्रौपदीची, आणि तू माझ्या तिरडीला हात लावायचा नाहीस.

ती येईपर्यंत मला उचलू नका. बर्फ बाजारात मिळतो, आयुष्यभर मासळीला घातला, एक दिवस मला घाला. मालन आली की तिला माझ्या कानाशी बसवा. साहेबांनी काय विचारलं, तिने काय सांगितलं, रोज सांगते तसं सगळं सांगू दे. मध्ये कोणी बोलू नका. तिचं सांगून झालं की मग न्या.

हे मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, माझंच आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: अंजनाबाई धाकू तांडेल

लिहिणार: सहदेव. एकही वाक्य गाळलेलं नाही.

साक्षीदार: १. राजाराम, होडीवरचा सोबती (सही)
२. जानकी, शेजारीण (अंगठा). पेजेचं कबूल आहे.

खारदांडा, शुक्रवार, ६ एप्रिल १९७३