चेहऱ्याने ओळखणारा नातलग पाहिजे

तीर्थस्वरूप दाजी मोहनराव यांच्या पायांशी (गुडघ्याला धक्का न लावता) बद्रीनाथचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे, नेकनूरला टँकर किती दिवसांआड येतो आणि केशरअक्काचा खोकला थांबला का, हे सवडीने कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. विहिरीत खडक दिसतो आहे, आणि निम्मे गाव कोयते घेऊन कारखान्यांकडे गेले आहे. फोनच करणार होतो, पण तुम्हाला कमी ऐकू येते आणि मला आवाज लहान करता येत नाही, म्हणजे मजकूर तुमच्याआधी आमच्या गल्लीला कळला असता. म्हणून हे पत्र बंकटच्या हाती देतो आहे. तो शेळी विकायला नेकनूरच्या बाजाराला येतो आहे. शेळी विकली गेली नाही तरी पत्र पोहोचेल.

दाजी, मी घाबरलो आहे. तुम्ही हसाल. तहसीलसमोर बैलगाडीवर उभे राहून ज्याने मंत्र्याला त्याच्या तोंडावर जाब विचारला, दुष्काळ परिषदेत पोलिसांनी माइकची वायर उपटली तरी ज्याचे भाषण शेवटच्या रांगेपर्यंत गेले, तो मी हल्ली आपल्याच घराच्या उंबऱ्यातून बाहेर पडताना आधी डोके काढून दोन्हीकडे बघतो. कारण सविस्तर लिहितो. तुम्ही सोसायटीचे चेअरमन होतात, लांबलेले भाषण बसून ऐकायची तुम्हाला सवय आहे.

निराधारांचा पगार (गावात पेन्शनला पगारच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात, कारण या मुलखात नुसते जगणे हीही नोकरीच आहे) आजवर वडगावच्या सहकारी बँकेच्या शाखेत ओळखीवर मिळायचा. तिथला शिपाई बाईचे तोंड बघत नसे, लुगड्याच्या काठावरून नाव सांगायचा आणि शाईची डबी पुढे सरकवायचा. आता जुनी योजना मिटून नवी आली आहे. पैसे सरळ खात्यावर, पण आधी माणूस जिवंत असल्याचे मोबाइलला पटले पाहिजे. महिनाअखेरपर्यंत ज्याचे पटणार नाही त्याचे नाव नव्या यादीत जाणार नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने ठराव केला की लोकांच्या मदतीसाठी समाजमंदिरात टेबल मांडायचे. टेबलामागे बसायचे कोणी? ग्रामसेवकाच्या गळ्यात तीन गावे, कॉम्प्युटर ऑपरेटर बीडला. सरपंच म्हणाले, "अण्णा, जलमभर हक्क हक्क म्हणून वरडलात, आता हक्क वाटायला बसा." सभेत टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर मला नाही म्हणता येत नाही.

त्या मोबाइलमध्ये एक गोल दिसतो. गोलात चेहरा बसला की खाली हुकूम येतो, डोळे मिचकवा. पहिल्या जानकीबाई आल्या. त्या नात्याने माझ्या काकू, त्यामुळे तोंड उघडे. उजेडाच्या गोलात स्वतःचे तोंड बघून त्यांनी देवापुढे बसावे तसे हात जोडले आणि डोळे मिटले. "काकू, उघडा आता," असे मी म्हणेपर्यंत काही उघडले नाहीत, आणि मशीनला तेच मिचकावणे वाटून काम झाले. अशी सुरुवात झाली म्हणून मी गाफील राहिलो. पुढच्या बायका आल्या त्यांचे नवरे माझ्यापेक्षा लहान. (या वयाला मी जवळजवळ सगळ्या गावाचा थोरला दीर झालो आहे, हे मला तिथे कळले.) थोरल्या दिराला तोंड दाखवायचे नसते, म्हणून सगळ्या जणी पदर हनुवटीपर्यंत ओढून माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी माझ्या नेहमीच्या आवाजात, जो आपसूक चौथ्या गल्लीपर्यंत जातो, म्हणालो की बाई, इकडे बघा आणि डोळे मिचकवा. त्यावर जी शांतता पसरली तशी माझ्या एकाही भाषणाला आजवर मिळालेली नाही.

टँकरच्या रांगेत ही बातमी घागरींच्या आधी भरली. आमच्या रुक्मिणीने भाकरी वाढता वाढता एवढेच विचारले, "कोणाकोणाला डोळे मिचकवायला सांगितलं, तेवढी नावं द्या, म्हंजी उद्या पाण्याला कोणत्या तोंडानं जायचं ते मी ठरवते." दुसऱ्या दिवशी ती स्वतः टेबलावर बसली. मोबाइल तिच्या हातात, मी भिंतीकडे तोंड करून मागच्या मागे सूचना वाचतो, अशी व्यवस्था झाली आणि काम झपाट्याने होऊ लागले. ग्रामपंचायतीच्या मदत केंद्राचा मी आता केवळ आवाज आहे.

मग आपली भिवराबाई आली. आपला धाकटा त्रिंबक गेल्यापासून ती अंगणापलीकडच्या खोलीत एकटी राहते, आमच्या घरचे मूठभर पीठही घेत नाही. दिलेले वाटीसकट परत येते. तिची चूल त्या पगारावरच पेटते. रुक्मिणीने मोबाइल धरला, तिने डोळे मिचकावले, आणि मशीन म्हणाले, चेहरा जुळत नाही. कसा जुळेल? कागदोपत्री जो जुना फोटो आहे त्यात पदर आहे आणि पदराखाली थोडेसे नाक. ग्रामसेवकाने उपाय सांगितला. सासरच्या एका नातलगाने बाईला समोर बघून सही करायची, की मी या व्यक्तीला चेहऱ्याने ओळखतो. अट एकच, सही करणारा स्वतः पगाराच्या यादीत नसावा. रुक्मिणी यादीत आहे. दाजी, भावकीत जी बाई आहे ती यादीत आहे, आणि जी यादीत नाही ती आपल्या नवऱ्याबरोबर उसाच्या फडात आहे. राहिलो मी. मी पगार तत्त्व म्हणून नाकारला होता (त्या भाषणाचे कात्रण माझ्याकडे आहे).

आणि मी भिवराबाईचा चेहरा कधीही पाहिलेला नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हापासून एका अंगणात राहतो. तिची चाल मला अंधारात ओळखू येते, तिचा खोकला ओळखू येतो, बादली खाली ठेवायची तऱ्हा ओळखू येते. ग्रामसेवकाला विचारले, चालीने ओळखतो असे लिहू का? तो म्हणाला, "अण्णा, चालीचा रकाना न्हाई." खोटी सही मी करणार नाही. खोट्या सह्यांनीच सहकार बुडाला, असे मी तुमच्याच सोसायटीच्या सभेत गरजलो होतो, ते तुम्ही विसरला नसाल. शेवटी रुक्मिणीबरोबर निरोप धाडला, की क्षणभर पदर बाजूला घ्यावा. उलट निरोप आला, "पगार गेला तर जाऊ द्या. माझं तोंड मेल्यावर बघा म्हणावं."

पदर ही गुलामगिरी आहे, तो भिरकावून द्या, असे मी महिला मेळाव्यात तासभर बोललो होतो. बायकांनी पदराआडून टाळ्या वाजवल्या होत्या. ते मत आजही तेच आहे. पण रोज संध्याकाळी मी अंगणापलीकडे धूर निघतो का ते बघत बसतो. निघाला की मला जेवण जाते. पुढच्या महिन्यात निघाला नाही तर काय करायचे, हे मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात नाही.

असो. जास्त काय लिहू? गुडघ्याला जपा.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. पत्र लिहिले ते खरे यासाठी, की केशरअक्काला दोन दिवसांसाठी पाठवावे. ती भिवराबाईची नणंद. भिवराबाईला नवी नवरी असताना अक्कानेच न्हाऊमाखू घातले, वेणी घातली, चेहरा तिने पाहिलेला आहे. शिवाय तुमच्या बागायतीमुळे ती यादीत नाही. (त्या बागायतीवर मी जाहीर टीका केली होती. ती मागे घेत नाही, पण या वेळेपुरती अडचण नाही.)

ता. क. दुसरा. बंकट शेळीला घेऊन दारात उभा आहे आणि मी पाकीट पुन्हा फोडले आहे. आत्ताच भिवराबाई अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. पदर मानेपर्यंत मागे टाकला आणि म्हणाली, "बघा दादा. आन् करा सही." माझ्याशी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. आणि दाजी, मी डोळे गच्च मिटून घेतले. तर ती म्हणाली, "आंधळ्याची सही चालती का, तेवढं इचारून ठिवा," आणि तिची चाल मागे फिरल्याचे मला ऐकू आले. रुक्मिणी म्हणते, मी लाजलो. तसे नाही. चेहरा बघायची मला भीती नाही. बघितल्यावर ही कोण, असे वाटले तर? तेही खरे खरे लिहावे लागेल, आणि तिच्यासमोर लिहावे लागेल.

अक्काला पहिल्या गाडीने पाठवा. ती येईपर्यंत मी अंगणाकडचे दार लावून बसलो आहे.