थोरलीची मूठ

१४ मार्च, रविवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

"ही मूठ मला ओळखत नाही." असं तू एकदा म्हणाली होतीस. त्याला चोवीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तेच वाक्य मी पुन्हा ऐकलं, एका परक्या बाईच्या तोंडून, आपल्याच कारखान्यात. तेव्हापासून तुला लिहायचं मनात घोळतंय.

पाकीट बघून धसका घेतला असशील तर आधी सांगते, आई ठणठणीत आहे. नव्या गोळ्यांनी गुडघ्याची सूज उतरलीय, पण ती ते कबूल करत नाही, कारण केलं तर जिना चढायला लावतील अशी तिला भीती आहे. फोनवर आपण दोघी तिच्या गोळ्यांपलीकडे जात नाही. मला जे सांगायचंय ते सकाळची एक आणि जेवणानंतरची दीड यात बसत नाही, म्हणून कागद घेतला.

तर झालं असं. महिन्यापूर्वी एक बाई आली. नेमबाजी शिकवते. पन्नाशीची, आखूड केसांची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी हातांकडे बघणारी. मला ती तिथेच आवडली. तिच्या अंगठ्याचं मूळ झिजलंय आणि पिस्तुलाची प्लास्टिकची मूठ नेमकी तिथेच रुतते. म्हणाली, कंपनीने कुठल्यातरी पहिलवानाचा हात मोजला आणि भोगतेय मी. तिला लाकडाची मूठ हवी होती.

आई नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीत शेंगा सोलत बसली होती. बाईने पिस्तुलाची पेटी उघडलेली बघून तिने शेंगांचं ताट मांडीवरून उचलून पलीकडे ठेवलं. बाईने पिस्तूल उघडून दाखवलं, आजी, रिकामं आहे. आई म्हणाली, "रिकामंच आहे असं सगळेच म्हणतात." मग बाईने तोंड भिंतीकडे करून दोन स्क्रू काढले, मुठीचे दोन्ही गाल माझ्या हातावर ठेवले आणि पिस्तूल पुन्हा कुलपात घातलं. ते माझ्याकडे ठेवता येत नाही. गाल ठेवता येतात, ते नुसतं प्लास्टिक. "गाल" हा शब्द बाबांचा, आठवतो ना? डावा गाल, उजवा गाल. बाईला तो इतका आवडला की आता तीही तसंच म्हणते.

ती गेल्यावर मी ते उलटे करून किती वेळ बघत बसले. बाहेरून काळी, खरखरीत चौकड्यांची नक्षी, आणि आतून पोकळ, बारीक फासळ्या, कोपऱ्यात कुठल्यातरी साच्याचा आकडा. हातात जे भरीव वाटतं ते आतून डब्याच्या झाकणासारखं असतं. तुझ्या पिस्तुलाचे मूळचे गालही असेच होते का? मी ते कधी आतून पाहिलेच नाहीत.

बाबा गेल्यापासूनच्या सहा वर्षांत दोन जण पिस्तुलाच्या मुठीसाठी आले होते, दोघांना मी नाही म्हटलं. मी पटाशांचे दांडे करते, छत्र्यांच्या मुठी करते, मागच्या वर्षी एका सर्जनच्या अख्ख्या पेटीतल्या हत्यारांना मुठी केल्या. पण पिस्तूल नको. या बाईला हो का म्हटलं हे मलाच कळेना. कुतूहल, एवढंच म्हणते सध्या.

काम बाबांच्याच पद्धतीने केलं. मेणात खडूची पूड मळून गोळा, तो कोमट पाण्यात मऊ करायचा, गिऱ्हाइकाने मुठीत धरायचा, वीस अंक मोजायचे, सोडायचा. मग गोळा फळीवर. फळी तशीच आहे, ताई. बाबांनी कधी गोळ्यावर नाव लिहिलं नाही, दोऱ्याला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर धंदा. शिंपी. दातांचा डॉक्टर. माळी, डावखुरा. यातले निम्मे आता हयात नसतील, पण त्यांचे हात आहेत. तिसऱ्या रांगेत एका चिठ्ठीवर "थोरली" लिहिलंय.

अक्रोडाचा एक जुना तुकडा होता, त्यातून दोन गाल कापले. प्लास्टिकवरून स्क्रूची भोकं घेतली, आतली बाजू तासून सपाट केली. बाहेरची बाजू निम्मी उतरली की बाबा डोळे मिटायचे, तुला माहीतच आहे. डावा हात गोळ्यावर, उजव्यात कानस, आणि एक बोट गोळ्यावर एक बोट लाकडावर असं करत करत आकार उतरवायचा. डोळे लबाड असतात, त्यांना जे सुंदर ते खरं वाटतं, असं ते म्हणायचे. मीही डोळे मिटले. मध्ये एकदा पाणी प्यायला उठले, परत येऊन बसले आणि डोळे न उघडताच फळीवर हात घातला, गोळा घेतला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. इतकं सुरेख काम माझ्याकडून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. कानस कुठे थांबायचं ते आपणच सांगत होती.

चार दिवस जवसाचं तेल पाजलं. बाई आली. तिने स्क्रू पिळले, मूठ धरली, हात लांब केला, खाली घेतला, पुन्हा धरली. मग मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

"मूठ उत्तम आहे," म्हणाली, "पण मला ओळखत नाही. कोणाची आहे?"

मी कसंनुसं हसले. ती अंगठा फिरवत राहिली. "जिची आहे तिची करंगळी दाबत नाही. बघ, बाकीच्या तीन बोटांना खोबण आहे, इथे जवळजवळ सपाट."

फळीकडे बघायची मला गरजच नव्हती. कपाटाच्या दारात तुझी करंगळी सापडली तेव्हा दार मीच लोटलं होतं. मी पाच वर्षांची होते. चुकून लोटलं होतं, खरंच.

आई खुर्चीतून म्हणाली, "थोरलीची असेल."

मग सगळं निघालं. माझी मोठी बहीण, नेमबाज होती, निवडीच्या सामन्यापर्यंत पोचली होती. बाईचे कान टवकारले. तिने विचारलं, मग सोडलं का? मी म्हटलं, ऐन सामन्यात मूठ बिघडलेली निघाली. तिने विचारलं, "मूठ कोणी बिघडवली?"

आज इथेच थांबते. आईने हाक मारली आहे.

१६ मार्च, मंगळवार

आईने हाक मारली नव्हती.

मी त्या बाईला सांगितलं, "बाबांनी." इतक्या सहज तोंडातून गेलं, ताई, की क्षणभर मला ते खरंच वाटलं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली आणि जिना चढून वर गेली. त्याच गुडघ्याने, कोणाचाही हात न धरता. जेवताना एवढंच म्हणाली, "त्यांचं नाव कशाला घेतलंस?"

म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी तू बाबांनी घडवलेले गाल क्लबातून घरी आणले होतेस, तेलाचा शेवटचा हात द्यायला. बाबांना म्हणालीस, फक्त तेल हं बाबा, अजून एक हात मारू नका. तयार झालेली वस्तू त्यांना खाली ठेवता यायची नाही, सगळं घर त्यावरून त्यांना चिडवायचं. त्यांनी फक्त तेल दिलं. मग ते कोणाच्या तरी घरी खुर्ची पोचवायला गेले. दुपार होती. तू केस धूत होतीस, मला न्हाणीघरातून तुझं गाणं ऐकू येत होतं. टेबलावर मूठ होती आणि पॉलिशपेपर होता.

मला ती जरा खरबरीत वाटली, अजून गुळगुळीत करावी म्हणून मी हात मारला.

हे वरचं वाक्य मी खोडणार होते. नको, राहू दे, म्हणजे तुला दिसेल की मला अजूनही कशी सवय आहे. खरं असं की मूठ खरबरीत नव्हती. तळव्याला टेकतो तो फुगवटा नेमका कुठे आहे हे मला माहीत होतं, कारण बाबा तो करत असताना मी शेजारी बसून बघत होते. मी तोच उतरवला. नखाच्या जाडीएवढा, त्याहून जास्त नाही. मग वरून तेल चोळलं की रंग सारखा झाला. तुझं गाणं संपायच्या आत झालं सगळं.

मी सोळा वर्षांची होते. तुझी निवड झाली तर तू दोन वर्षं प्रशिक्षणाला जाणार होतीस. त्या आठवड्यात तू कपाटाचा तुझा अर्धा भाग रिकामा केलास आणि मला म्हणालीस, घे, आता सगळं तुझं. तुला वाटलं मला आनंद होईल. मी ते रिकामे खण बघत पडून राहायचे. तू हरावीस असं मला वाटत नव्हतं, तू राहावीस असं वाटत होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात असं मी स्वतःला समजावलं. महिन्याभरात तू घरच सोडलंस. दोन वर्षांसाठी नव्हे.

तू परत आलीस, गाल टेबलावर टाकलेस, म्हणालीस, सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या. ही मूठ मला ओळखत नाही. आणि बाबांना म्हणालीस, राहवलं नाही ना तुम्हाला? बाबांनी तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, अंगठा फिरवला. त्यांचा पॉलिशपेपर नेहमी लाकडाच्या रेषांच्या बाजूने जायचा. माझा तेव्हा आडवा जायचा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. तुझ्या चष्म्याच्या दुकानात कोणी वाचता येणार नाही असं अक्षर पुढे केलं तर तू चष्मा सावरून बघशील ना, तसं. मग तुला म्हणाले, "चुकलं माझं. अजून एक हात मारायला नको होता."

मी तिथेच उभी होते, ताई. तोंड उघडायला मला अख्खी संध्याकाळ होती. पुढे अठरा वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून फळीचा एक तुकडा दिला, पॉलिशपेपर दिला, आणि म्हणाले, "रेषांच्या बाजूने." त्यावर पुन्हा एक शब्द नाही, कधीच. मला वाटलं ते मला काम शिकवताहेत. शिकले मी. त्याच कामावर आज पोट भरतेय. बाबा गेले तेव्हा तू आलीस, कारखान्याच्या दारात उभी राहिलीस आणि आत पाऊल टाकलं नाहीस. तुला वाटलं असेल, आत त्यांची चूक आहे. आत मी होते.

त्यांनी असं का केलं, हे मी रोज त्यांच्या टेबलावर बसून विचारते. मला वाचवायला? की तुला एका दिवसात दोन धक्के नकोत म्हणून? का त्यांना खरंच वाटलं की पॉलिशपेपर उघड्यावर ठेवला ही त्यांचीच चूक? मला उत्तर सापडलेलं नाही. तुला सापडलं तर सांग, पण माझ्यावर दया येऊन नको सांगूस.

बाईला मी काल फोन करून खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी मूठ सावकाश कर, मला घाई नाही. आणि ती थोरलीची कोणाला विकू नकोस." एवढंच.

तेव्हा ते अक्रोडाचे गाल फळीवर आहेत, तुझ्या गोळ्याशेजारी. ते पाठवत नाही. ते बावीस वर्षांच्या मुलीच्या हाताचे आहेत, आणि तुझा हात आता कसा आहे मला माहीत नाही. फ्रेमचे बारीक स्क्रू पिळून पिळून अंगठ्याला घट्टा पडला असेल. करंगळी थंडीत अजून दुखते का? तू दिवसभर लोकांना विचारतेस, आता स्पष्ट दिसतंय की आधी दिसत होतं, आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवतेस. माझ्यावर तसा विश्वास ठेव म्हणायचा मला हक्क नाही.

पत्रासोबत एक डबी आहे. आत मेणाचा गोळा आहे, नवा, परवा मळलेला. दोरा आणि चिठ्ठी बांधली आहे, चिठ्ठी कोरी आहे, कारण तुझ्यासाठी कुठला शब्द लिहावा हे आता तू ठरवायचं. तू हे करणार नाहीस, मला माहीत आहे. डबी बहुतेक न उघडताच दुकानाच्या खणात जाईल, किंवा गोळा गेला तसा गोल परत येईल, आणि आला तर मी तो तसाच तिसऱ्या रांगेत ठेवीन.

तरी मागते. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेव. मग पिस्तूल धरायचीस तसा उजव्या हातात धर, डोळे मीट, वीस मोज, आणि मला पाठव.

आडवा हात मारणारी,
तुझी धाकटी