हेरंबची बाल्कनी

गुडगाव,
९ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. विजयावन्सं यांस,
साधनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, फराळाचा डबाही मिळाला. चकल्या वाटेत मोडल्या, पण चव तुमच्या हातचीच. इकडे थंडी पडायला लागली आहे. दारावर रोज फ्लॉवरवाला ओरडतो आणि मी रोज घेते. आठवडाभर आमच्याकडे फ्लॉवरच चाललाय, कुणी तक्रारही करत नाही.

भाऊबीजेला ह्यांचा साधा फोनसुद्धा आला नाही म्हणून तुम्ही रागावला आहात. "रंगा दिल्लीला जाऊन साहेब झाला का?" असं तुम्ही लिहिलंत. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. रागावू नका, वन्सं. कामाचा फार ताण आहे. हेरंब आणि शिवांगी सुखरूप आहेत. सध्या आमच्याकडेच राहायला आले आहेत. हेरंबच्या ऑफिसची बस इथूनही जाते, त्यामुळे अडचण नाही.

पुढचं बसून वाचा. आणि भावजी घरात असताना वाचा. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. दोनदा बूथवर जाऊन, नंबर फिरवून, तुमचा "हॅलो" ऐकून मी फोन ठेवून दिलाय. ती मीच होते.

ह्यांचं काम तुम्हाला माहीतच आहे. फरीदाबादच्या पुढे कारखाना, तिथे लोखंडी साच्यात भिंती ओतायच्या, स्लॅब ओतायचे, ट्रेलरवर चढवून इथे आणायचे आणि क्रेनने एकावर एक बसवायचे. बिस्किटाच्या पुड्यासारखं घर. इथल्या लोकांना आधी पटेना. आम्ही पहिल्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा रविवारी गिऱ्हाइकं आमचं घर बघायला यायची. कंपनीनेच तसं ठरवलं होतं: इंजिनीअर स्वतः राहतो म्हटल्यावर विश्वास बसतो. बायका बुटांसकट आत येऊन माझ्या भिंती टकटक वाजवायच्या. "भाईसाब, अंदर से खोखली तो नहीं?" हे हसून म्हणायचे, "आप हथौड़ा ले आइए." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. आमच्या लग्नातसुद्धा नाही, खरं सांगते.

मग तुम्ही हेरंबसाठी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतलात. आणि तुमच्या गुरुजींनी नकाशा बघून सांगितलं की स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, नाहीतर सुनेची कूस भरणार नाही. तुम्ही ह्यांना पत्र लिहिलंत. तुमचा शब्द त्यांनी कधी मोडलाय? आई गेल्यावर ज्या बहिणीने न्हाऊ-माखू घातलं, तिला हा माणूस नाही म्हणणार होता थोडाच! त्यांनी तुमचा फ्लॅट आरशात बघावा तसा उलटा केला. डावीकडचं उजवीकडे. स्वयंपाकघर गेलं आग्नेयेला, तुम्ही पेढे पाठवलेत.

सेल्सच्या लोकांना हे कळल्यावर त्यांना तर घबाडच सापडलं. "वास्तुवाला फ्लॅट" म्हणून ती पूर्ण बाजूच तशी उलटी करून विकली. हातोहात गेली.

आता मुख्य सांगते.

तुमच्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर, एक घर सोडून पलीकडे, दिलीप आणि कल्पना राहायचे, साताऱ्याकडचे. दिलीप बँकेत, ती घरीच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कल्पना दुपारी माझ्याकडे यायची, मराठी बोलायला कुणी नाही म्हणून. इथे सगळे दिव्यांच्या माळा सोडतात, आकाशकंदील कुणाला ठाऊक नाही. म्हणून आम्ही दोघींनी कामट्या आणून, खळ शिजवून कंदील केले, एक तिचा, एक माझा. वसुबारसेच्या संध्याकाळी ती तो लावायला बाल्कनीत गेली. दिलीप आत वायर शोधत होता. बाल्कनी मुळापासून तुटली आणि तिला घेऊन खाली गेली.

मी खाली धावले तेव्हा ती होती अजून. मला बघून म्हणाली, "काकू, कंदील." बस. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली.

हेरंबला मीच बजावलं होतं, आईला दिवाळीत काही कळवू नकोस. ती बिल्डिंग त्याच रात्री रिकामी केली.

वन्सं, तुम्हाला समजेल असं सांगते, मलाही ह्यांनी आत्ताच समजावलं. भिंतीतून बाहेर काढलेला स्लॅब हात पुढे पसरल्यासारखा असतो. त्याला ताण पडतो तो वरच्या अंगाला. म्हणून आतल्या सळ्या वरच्या अंगाला हव्यात. आणि पावसाच्या पाइपासाठी त्याच्या एका कोपऱ्यात भोक असतं. फ्लॅट उलटा झाला की ते भोक दुसऱ्या कोपऱ्यात यायला हवं. त्यासाठी वेगळा साचा लागतो. कंपनीने साचा करू दिला नाही, वेळ जातो म्हणून. साइटवर हुकूम आला, "पलट के लगा दो." स्लॅब पालथा घातला की भोक बरोबर कोपऱ्यात येतं. पण वरच्या सळ्या खाली जातात. वर राहतं नुसतं काँक्रीट. त्यावर फरशी बसवली की कुणाच्या बापाला दिसत नाही.

त्या बाजूच्या सगळ्या बाल्कन्या अशाच पालथ्या आहेत. सगळ्यांना मुळाशी तडे आहेत.

हेरंबची सोडून.

तुमच्या मुलाची बाल्कनी सरळ आहे, वन्सं. तिला केसाएवढाही तडा नाही. ह्यांनी तिच्यासाठी सुताराकडून लाकडी साचा करून घेतला होता, एका रविवारी स्वतः उभं राहून सळ्या बांधून घेतल्या होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, बहिणीचं घर म्हणून माणूस एवढा राबतोय, किती माया! लाकडी साचा एका ओतकामातच खिळखिळा झाला. पुढचे स्लॅब पालथे घालताना ह्यांनी पाहिले. एकदा साइटच्या मॅनेजरला बोलले. "शर्माजी, यह ठीक नहीं है," एवढंच. त्यावर त्यांना उत्तर मिळालं, "सर, सेफ्टी तो आप लोग दुगनी पकड़ते हो ना?" मग हे गप्प बसले. हिशेबात भार दुप्पटच धरलाय, टिकेल, असं स्वतःला सांगत राहिले.

हे मला त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सांगितलं, पाटावर बसून, हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन. तेव्हापासून त्यांचं जेवण म्हणजे दोन घास. कारखान्यात जात नाहीत, दाढी करत नाहीत. दिवसभर आमच्या हॉलच्या भिंतीला पाठ लावून बसतात. मी ओरडले, रडले, हात धरून हलवलं. "हो" म्हणतात आणि तसेच बसतात. मला भीती वाटते, वन्सं. मी त्यांना गच्चीवर एकटं जाऊ देत नाही.

कंपनी म्हणतेय, बाईंनी कुंड्या फार ठेवल्या होत्या. कुंड्या! एक तुळस होती बिचारीची आणि एक ओव्याचं रोप. पुढच्या आठवड्यात सरकारकडून कुणी तज्ज्ञ येणार आहेत. त्याआधी कंपनीचे वकील आमच्याकडे येऊन गेले. फार गोड बोलले. म्हणाले, धोका नको म्हणून सगळ्या बाल्कन्या पाडून टाकू, मालकांच्या सह्या घेतल्यात, एक तेवढी राहिली आहे. फ्लॅट तुमच्या नावावर आहे ना! मग दाराशी जाताना मला हळूच म्हणाले, "भाभीजी, वह एक बालकनी खड़ी रही तो साहब गए. सब पूछेंगे, यही एक सही कैसे?"

बरोबरच आहे. सगळ्या पालथ्या असत्या तर चूक म्हणता आली असती. एक सरळ आहे म्हणजे ह्यांना ठाऊक होतं.

हेरंब म्हणाला, "मामी, आई म्हणेल तसं." शिवांगी उठून आत गेली. म्हणून मी काल हे पत्र लिहायला बसले ते तुमची सही मागायलाच. खोटं कशाला बोलू? सोबत कागदही जोडणार होते. मी मनात सगळी जुळवाजुळव केली होती: कल्पना तर गेलीच, आता ह्यांना तरी वाचवू या. आणि तुम्ही सही नाही केलीत तर काय सुनावायचं तेही ठरवलं होतं, की आग्नेय तुम्हाला हवी होती, आम्हाला नाही.

आज सकाळी दिलीप आला. तो सरोजिनी नगरला मित्राच्या क्वार्टरवर राहतोय. म्हणाला, घरातून तिची एक साडी घ्यायची आहे, पण एकट्याने जाववत नाही. हेरंब निघाला, तर हे भिंतीपासून उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मीही मागोमाग गेले.

साडी घेऊन खाली उतरताना दिलीप हेरंबच्या दारापाशी थांबला. "जरा उघडता?" म्हणाला. हेरंबने उघडलं. तो सरळ बाल्कनीत गेला. मी ओरडले, "अरे, जाऊ नकोस!" त्याने कठडा धरला आणि पाय आपटले. जोरात. मग दोन्ही पायांनी उड्या मारल्या, साडी छातीशी धरून. काही हललं नाही. आमच्याच घरातल्या पोराने उड्या माराव्यात तसा तो मारत होता आणि आम्ही तिघं आत उभे.

मग तो ह्यांच्याकडे वळला. आवाज अजिबात चढवला नाही.

"ही बरी आहे, काका."

"हो," हे म्हणाले.

"कशी काय?"

हेरंब मध्ये पडायला लागला, "दिलीप, चल यार, खाली बसू." ह्यांनी त्याला हातानेच थांबवलं. म्हणाले, "ही मी नीट करून घेतली. माझा भाचा राहणार होता."

"आणि आमची?"

मला वाटलं, आता हे काहीतरी सांगतील, कंपनीचं, साच्याचं. ते म्हणाले, "तुम्ही माझे कोणी नव्हतात."

दिलीपने मान हलवली. त्याने हिशेब पटल्यासारखी मान हलवली, वन्सं, ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. मग तो साडी पिशवीत घालून गेला. ह्यांनी घरी येऊन दाढी केली, जेवले, आणि मला सांगितलं की उद्या पोलिसांत जाऊन सगळं लिहून देणार. मी पायावर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "साधना, निदान तू तरी मला आता वाचवू नकोस."

म्हणून कागद पाठवत नाही. हेरंबला सांगितलंय, बाल्कनीला हात लावू द्यायचा नाही. वकिलाचा फोन आला तरी तुम्ही सही करू नका.

तुम्ही या, असं लिहिणार होते. पण येऊन काय करणार? तुम्ही त्यांना जवळ घेणार, रंगा रंगा म्हणणार, आणि तेच आता त्यांना सहन होणार नाही. मला तुमचा राग येतो, खूप येतो. पण तुम्ही काय मागितलंत? मुलाचा संसार सुखाचा व्हावा, एवढंच. ह्यांनी ते दिलं. हेरंब-शिवांगी जिवंत आहेत ते ह्यांच्यामुळे, आणि कल्पना गेली तीही ह्यांच्यामुळे. ह्यातलं एक धरून दुसरं सोडावं म्हणून मी काल दिवसभर धडपडले. जमलं नाही.

शिवांगीला दिवस गेले आहेत. तिने मला आज सांगितलं, तुम्हाला कळवायला सांगितलं. गुरुजींना सांगा.

भावजींना नमस्कार. पत्राखाली 'आपली' लिहायचा रिवाज आहे, पण आपलं कोण, हे आज मला लिहवत नाही.

साधना