लोकरखोलीतलं मलम

सोमवार, ३
आलो बाई एकदाचे! सासरचा गाशा गुंडाळला, नोकरी धरली, वर राहायला खोलीसुद्धा मिळाली. खाली लोकरीचा कारखाना, वर आम्ही मायलेकी. खिडकी मोठी, नळाला पाणी भरपूर, आणखी काय हवं? भिंगरीनं (माझी लेक, वय सहा, एका जागी बसेल तर शपथ) आल्या आल्या लोकरीच्या ढिगात उड्या मारल्या. मी ओरडले, तर मुकादमीणबाई म्हणाल्या, खेळू द्या, मऊच तर आहे. माणसं चांगली दिसतात.

बुधवार, ५
काम सोपं. मेंढ्यांची कातरलेली लोकर पसरायची, काडीकचरा वेचायचा, गुंता सोडवायचा. वेचताना गोचीडही सापडतात, खसखशीएवढे. आज कमरेपाशी, काखेत, गुडघ्यांमागे लाल पुटकुळ्या उठल्या. खाज म्हणजे काय खाज! चारचौघींत खाजवताना लाजेनं मेले. भिंगरी तर माकडासारखी खाजवत फिरते. बाकीच्या बायका मात्र ढिम्म, एकीचाही हात अंगाकडे जात नाही. मुकादमीणबाईंनी हसून मलमाची डबी हातावर ठेवली. कामावर रुजू होणाऱ्या प्रत्येकीला देतात म्हणे. खाजवत बसलं तर काम खोळंबतं, चोळा आणि विसरा. पोरीला मात्र लावू नका, असंही म्हणाल्या.

शुक्रवार, ७
मलमाला तोड नाही. खाज पार गायब! पण लेकरू नखांनी अंग ओरबाडत होतं, माझा जीव तुटत होता. शेवटी दिलं तिलाही चोळून, अगदी कानामागेसुद्धा. मोठ्यांना चालतं ते तिला काय करणार आहे? आता चित्रं काढत बसलीय. तासभर झाला. भिंगरी, आणि तासभर एका जागी!

सोमवार, १०
वेणी घालताना तिच्या कानामागे मण्यांची ओळ दिसली. मणी नव्हते. रक्त पिऊन टम्म फुगलेले गोचीड. चिमट्यानं एकेक उपटले. अठरा. कातडी ताणली जात होती. पोरगी रंगवत राहिली. दुखतंय का विचारलं, तर मान न वळवता म्हणाली, काय?

मंगळवार, ११
गावातल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीला सुई टोचली. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाले, मलम आधी बंद करा. संवेदना परतली तर पहिल्यांदा खाज सुटेल. नाही सुटली, तर— आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी हातात ठेवली.
मुकादमीणबाईंना जाब विचारला. त्यांनी मानेवरचे केस बाजूला केले. शी! लिहवत नाही. वर म्हणतात, आम्हाला कुठे काय होतंय?
इथून बस आठवड्यातून दोनदाच. कालची गेली, पुढची परवा.

बुधवार, १२
डबी फेकली. दोघींना गरम पाण्यानं घासून काढलं. लेकीच्या अंगाला खाज सुटू दे, एवढंच मागतेय. आई असून—

दुपार
नाही. टाचणी टोचून बघितली. मीच, माझ्या हातानं— काही नाही. हसली उलट.

गुरुवार, १३
सामान बांधलं. बस येईलच. भिंगरी माझ्या डाव्या बाजूला टेकून बसलीय—

नखांचा आवाज! खाजवतेय! आली गं बाई, खाज आली! खाजव सोन्या, हवं तेवढं खाजव—

कुठे खाजतंय म्हणून विचारलं.
म्हणाली, मला नाही गं, तुझ्या हातावरचे गोचीड काढतेय.

डावा हात— कोपरापर्यंत रक्त— वहीवर सांडतंय— आणि मला काहीच