आईच्या खोलीची दुसरी किल्ली

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे आणि भावोजींचा खोकला गेला का, हे आधीच विचारून घेतो, कारण एकदा माझं सुरू झालं की ते राहून जाईल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं म्हणजे परवापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. (बायको म्हणते, दोनदा वाढून घेतलंत. तिचं मनावर घेऊ नकोस.)

परवा सकाळी आपल्या आईने, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मला समोर बसवून सांगितलं की तिच्या खोलीच्या दाराची किल्ली बदलून हवी. कुलूप तेच राहू दे, पण किल्ली नवी, आणि ती फक्त तिच्याकडे. ताई, मी हबकलोच. ज्या घरात बाथरूमची कडीसुद्धा धड लागत नाही, त्या घरात आईला कुलूप कुणापासून? सून गरीब, नातवंडं हॉस्टेलला. उरलो मी. मी काय केलंय? अधूनमधून जरा डोकावतो, एवढंच.

किल्लीवाल्याला घरी बोलावलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून दाराची गोल मूठ स्वतःच काढायला घेतली. आई आत होती, दार बंद. दिसले ते दोन्ही स्क्रू सोडवले, तर आतली मूठ आतल्या बाजूला पडली, बाहेरची माझ्या हातात आली, दार बंदच राहिलं आणि मध्ये हे एवढं भोक. आई ठीक आहे ना, एवढंच बघावं म्हणून (देवाशपथ, एवढ्याचसाठी) भोकाला डोळा लावला. पलंगावर मोठी बॅग उघडी, आणि आई एकेक कपडा घडी करून तिच्यात भरतेय. आई घर सोडून निघालीय, ताई. आणि तुझ्याशिवाय ती जाणार कुणाकडे? तू मला एका शब्दानं बोलली नाहीस.

तेवढ्यात आतून आवाज आला, “दिसलं का सगळं?” आणि चमच्याच्या दांड्याने खटका सरकवून आईने दार उघडलं. वर माझ्या हातातली मूठ घेऊन मलाच शिकवलं. म्हणाली, किल्ली घाल, पाव फेरा फिरव, आता या बारीक छिद्रात सुई दाब आणि पुढचा भाग ओढ. ओढला, तर ज्या नळीत किल्ली जाते ती मागच्या बाजूने अलगद हातात आली. हे तुला कसं येतं, असं मी विचारलं. हॉस्पिटलच्या भांडारात तीस वर्षं कपाटं सांभाळली ती काय गोळ्या मोजत, असं तिने विचारलं.

नळी घेऊन मी गुपचूप किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने आतल्या पिना बदलल्या आणि दोन किल्ल्या दिल्या. आईला एक दिली. “एकच?” तिने विचारलं. एकच, म्हणालो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण माझे कान गरम झाले.

तुझा,
धाकटा

ता. क. दुसरी किल्ली या पाकिटात आहे. इथे कुठेही ठेवली तरी ती शोधून काढेल, म्हणून तुझ्याकडे लपव. आणि ती बॅग घेऊन तुझ्या दारात आलीच, तर पाया पडतो, जागा नाही म्हणून सांग. तिच्याशिवाय मला या घरात करमणार नाही.

ता. क. २. पोरी, पाकीट टपालात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं. किल्ली हाताला लागत होती, काढून घेतली. बॅगेत त्याचेच जुने कोट आणि स्वेटर आहेत. सहा वर्षं माझ्या कपाटात कोंबून ठेवले होते, आता ते त्याच्या खोलीत जातील. मी कुठेही जात नाहीये. पण एवढ्यात त्याला हे कळवू नकोस. दोन दिवस झाले, दार वाजवून आत येतो, माझ्याजवळ बसतो आणि मला काय हवं-नको ते विचारतो. आणखी एक महिना तरी चालू दे.
— आई