ओढ्याच्या अलीकडे

तीर्थरूप आई, लांबूनच पाया पडते.

साध्या सर्दीने एखादं अख्खं गाव आजारी पडू शकतं का? मला खरंच सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला गल्लीभर मिरवलंस, पण हे काही मला कुणी शिकवलं नाही.

तशी मी बरी आहे. नाक वाहतंय, एवढंच. जंगल इतकं दाट आहे की भरदुपारी अंधारून येतं, आणि जळवांचा माझ्यावर फार जीव! बाबांना सांगू नकोस. त्यांची कंबर कशी आहे?

आज आमचा अभ्यासगट आदिवासींच्या गावापाशी पोचला. पूर्वी पाहुण्यांनी आणलेल्या तापाने इथली घरंच्या घरं गेली. तेव्हापासून पाहुण्यांनी आधी ओढ्याच्या अलीकडच्या खोपीत थांबायचं आणि आजारी असेल त्याने तिथेच राहायचं, अशी रीत आहे. गावातल्या आजीने पलीकडूनच काहीतरी विचारलं. आमच्या वाटाड्याने अर्थ सांगितला, "कुणाला सर्दी-खोकला आहे का?"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "गोळी घेतलीस ना? गप्प बस. नाहीतर रात्रभर इथं एकटी राहशील, जनावरं येतील विचारपूस करायला."

सगळे हसले. मी मात्र मागच्या झाडीकडे पाहिलं. वर्षभर याच गावाचा ध्यास होता, आई.

आता सगळे पलीकडे गेलेत, उद्या परततील. खोपीला दार नाही. मागच्या झाडीत काहीतरी सारखं खसखसतंय. धाकटीला सांग, दिवा लावून झोपते म्हणून तिला पुन्हा कधी चिडवणार नाही.

आजीने विचारलं तेव्हा मीच हात वर केला.

तुझी थोरली