वहिनींच्या परसात भाजलेला राब

मु. गुंजवणे

वहिनींना फुलाबाईचा जय भीम. श्रावणी आन तिचं बाळ खुशाल असंल. बाळाचं नाक दादासारखं नसू दे, एवढंच मागते. बाळंतिणीचं करताना लई वाकू नका, पनवेलला जावई हाय की वाकायला. आमी बरे आहोत. बरे म्हंजी तोंड दाखवायच्या लायकीचे न्हाई, पर जेवतोय. तुमचा मोबाईल दादाच उचलतो म्हणून पत्र लिहिते. (शाळा चौथीत सुटली, तवा अक्षर लावून घ्या.)

पनवेलला जाताना तुमी घर राखायला सांगितलं हुतं, नुसतं राखायला, हे मला आठवतंय. सुरूची झाडं वलांडली की समुद्र. दोन खोल्यांचं घर, पर मागं आणखी दोन सहज निघतील एवढी मोकळी जागा. दादा दर दिवाळीला ज्या खोल्या तोंडानं बांधतो आन होळीला विसरतो, त्यांची. आमचे हे पुढं पडवीत निजायचे. समुद्राच्या हवेनं रातभर खोकला न्हाई. म्या उठून बघितलं, माणूस हाय का गेला.

तर त्या मागच्या जागेत झावळ्यांचा हा ढीग, त्यावर पालापाचोळा. मनात आलं (खोटं कशाला लिहू), वहिनीला समुद्र मिळाला पर झाडू काय मिळाला न्हाई. आन महिना वैशाखाचा. तुमी भोरात नळाच्या पाण्यावर वाढलेल्या, म्हणून सांगते, आमच्याकडं भाताची रोपं टाकायची जागा आधी पालापाचोळा आन शेण पसरून जाळून घेत्यात. त्याला राब भाजणं म्हनत्यात. उघडी जागा, वाळला पाला, वैशाख, एवढं दिसलं की माझा हात थांबत न्हाई. शेजारच्या केशवभाऊच्या गोठ्यातनं शेण आणलं (सारवायला पायजे म्हनलं), नीट थर लावला, वर माती टाकली. वारा समुद्राकडं चालला हुता, म्हणून रीतीपरमाणं उलट्या अंगानं पेटवला, म्हंजी जाळ वाऱ्याविरुद्ध हळू सरकतो.

आमच्याकडं वारा एकदा निघाला की दिवसभर शब्द पाळतो. तुमचा समुद्राचा वारा दुपार व्हायच्या आत माघारी फिरला. आधी न्हाणीचा काटक्यांचा कूड जळून गेला. मग पलीकडच्या लॉजच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी काळ्या झाल्या. लॉजातली पुण्याची मंडळी मोबाईल घेऊन जमली. हे बादल्या वतत हुते, त्यांनाच एकानं इचारलं, "काका, कोंबडी कधी लावणार?"

केशवभाऊनं मोटार लावून इझवलं, म्हणून घर वाचलं. मागची भिंत तेवढी काळी झाली. मग तो राखेकडं बघत म्हनला, "ताई, तो कचरा नव्हता. पावसात भिंत झाकायची झापं होती. माझ्या आईकडून शिकून वहिनींनी शिमग्यापासून विणली."

वहिनी, तुमी चैत्रात आमच्याकडं आला तवा तुमची बोटं चिरलेली हुती. म्या चारचौघींत म्हनलं हुतं, भांडी घासायची सवय न्हाई वाटतं. तुमी नुसत्या हसला. तेच आठवतंय आता, भाकरी थापताना सुदिक.

आणखी काय लिहू. नणंद म्हणून ठेवलंच तर तुमची,
फुलाबाई

ता. क. पाऊस यायच्या आत येऊन झापं म्या विणते. तुमी खुर्चीत बसून चुका काढा.

ता. क. राब भाजलाच हुता, तर निघताना त्यात इंद्रायणी भाताचं बी टाकून आले. केशवभाऊ म्हनतो खाऱ्या मातीत उगवणार न्हाई. उगवलं तर लावणीपातुर खोल्यांचा पाया खणू नका.

ता. क. खरं हे हाय. दादाला म्या फोनवर सांगितलं, ह्यांची बिडी पडली. बिडी ह्यांनी खोकला लागला तवाच सोडली. हे शेजारीच बसले हुते, ऐकून हळूच म्हनले, "सांग माझंच नाव, तुझा भाऊ हाय तो." आन दादा म्हनला, त्या माणसाला परत माझ्या उंबऱ्यात आणू नको. आता हितं हे रातभर खोकत्यात, आन मी भिंतीकडं तोंड करून पडते. तुमी दादाला माझं नाव सांगा. मला तोंड न्हाई. मी केशवभाऊच्या गोठ्यात निजंन, ह्यांना तेवढं पडवीत निजू द्या.